तारेखालचं वावर

भगवंतरावांच्या छातीत पेसमेकर बसला त्याला दोन महिने होऊन गेले होते, आणि त्या दोन महिन्यांत ते आपल्या वावरात फक्त एकदा गेले होते.

वावर काही लांब नव्हतं. पिंपळगाव राजा गावातून खामगावकडे निघालं की रस्त्याला लागूनच. तीन एकर, सगळा भाजीपाला. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, बांधाच्या कडेनं मिरची. वावराच्या बरोबर मधून, विहिरीच्या डोक्यावरून, मोठ्या टॉवर लाईनच्या तारा गेलेल्या. टॉवर दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या वावरात, यांच्याकडे नुसत्या तारा. त्या तारांखाली भगवंतरावांनी वीस-बावीस वर्षं निंदण केलं, पाणी दिलं, दुपारी तिथंच भाकर खाल्ली. ओल्या हवेत तारा गुणगुणायला लागल्या की ते म्हणायचे, "चला, भजन सुरू झालं."

अकोल्याच्या दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी नर्स घाईत होती. तिनं गोळ्या समजावल्या, हात जास्त वर करू नका म्हणाली, आणि जाता जाता सांगितलं, "आजोबा, मोठ्या विजेपासून आणि लोहचुंबकापासून लांब राहा बरं." मोठी वीज म्हटल्यावर भगवंतरावांच्या डोळ्यांसमोर दुसरं काय येणार?

तरी घरी आल्यावर आठवड्याभरानं ते वावरात गेलेच. विहिरीपाशी पोचले, वर पाहिलं, आणि छातीत काहीतरी फडफडल्यासारखं झालं. तिथूनच मागे फिरले. त्यानंतर वावराचं सगळं पुष्पाबाईंवर पडलं.

"बावीस वर्सं या तारेनं काई केलं नाई, अन् आताच काय करते?" पुष्पाबाई म्हणाल्या.

"तवा माह्या छातीत मशीन नोती," भगवंतराव म्हणाले.

दिवस काढायला मग त्यांनी पंजाबरावांचं दुकान धरलं. पंजाबराव त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. रस्त्यावर त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. ट्रॉलीचे साखळदंड, वखराच्या लोखंडी पासा, घरांची गेटं, सगळं तिथं जोडून मिळायचं. दोस्ताचं मन रमावं म्हणून पंजाबरावांनी एक जुनी खुर्ची आत, आपल्या शेजारीच टाकली. भगवंतराव सकाळी थोडे आणि दुपारनंतर दिवस मावळेपर्यंत तिथं बसत. ठिणग्या उडायला लागल्या की तोंड फिरवून रस्ता पाहत, आणि हातातलं काम संपलं की दोघं बोलत.

तिथं त्यांना तीनदा भोवळ आली. एकदा तर खुर्चीतून कलंडायचेच बाकी राहिले. पंजाबरावांनी पाणी पाजलं, हात धरून घरी आणून सोडलं. अशक्तपणा असेल, असं पुष्पाबाईंना वाटलं. भगवंतरावांनी मात्र त्याचाही संबंध तारेशी लावला. दुकानातून टॉवर दिसत होता. त्याचा वारा इथवर येत असेल, असं त्यांच्या मनानं घेतलं.

शेवटी एका संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "पाडव्यापासून वावर ठोक्यानं देऊन टाकू. दुसरा कोनी कसंन अन् पैसे देईन. हर्षलले फोन करून सांगा."

हर्षल त्यांचा मुलगा, कंपनीच्या कामानं पंधरा-पंधरा दिवस बाहेरगावी असायचा. घरात असायची ती सून, संजीवनी. गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात ती बारावीला भौतिकशास्त्र शिकवायची.

"मामाजी, त्या तारेनं काही होत नाही," ती म्हणाली. हे तिनं याआधीही सांगितलं होतं.

भगवंतरावांनी ताटातला हात थांबवला. "काई होत नाई असं तं समदेच म्हंतात, पोरी. डाक्टर म्हंतात, हर्षल म्हंते. तू विजेचंच शिकवतं ना? मंग मले सांग, थ्या तारेतून माह्या छातीपर्यंत किती येऊन राह्यलं? किती ते सांग."

प्रवाह वाहणाऱ्या तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र, हा धडा संजीवनी अकरा वर्षं शिकवत होती. फळ्यावर एक उभी रेघ काढायची, तिच्याभोवती गोल काढायचे, उजव्या हाताचा अंगठा दाखवायचा, सूत्र लिहायचं, दोन उदाहरणं सोडवायची. उदाहरणातली तार नेहमी अनंत लांबीची असायची. खऱ्या तारेचं, ज्या तारेखाली आपला माणूस उभा राहतो तिचं गणित तिनं कधी केलंच नव्हतं.

"सांगते," ती म्हणाली. "दोन-चार दिवस द्या मला."

"घे. पाडव्याले टाइम हाये."

गणिताला दोन गोष्टी लागणार होत्या. तारेतला प्रवाह, आणि तारेपासून छातीपर्यंतचं अंतर. प्रवाहासाठी तिनं ओळखीतून वीज उपकेंद्रातल्या ऑपरेटरला फोन लावला. असलं काही विचारणारी ही पहिलीच बाई, म्हणून तो आधी बिचकला. कारण कळल्यावर मोकळेपणानं म्हणाला, "मॅडम, दिवसा तीनशे-चारशे अँपियर असते. सहाशेच्या वर आपल्याकडे कधी गेलेली मी नाही पाहिली." अंतर तिनं दुसऱ्या दिवशी वावरात जाऊन मोजलं. तारेला हात किंवा काठी लावण्याचा प्रश्नच नव्हता. तिनं मोठ्या कोनमापकाला दोरा आणि खडा बांधला, त्याच्या कडेनं तारेवर नेम धरला, आणि कोन बरोबर अर्धा काटकोन होईपर्यंत मेथीच्या वाफ्यांमधून मागे मागे सरकत गेली. जेवढं मागे, तेवढंच वर, त्यात आपल्या डोळ्यांची उंची मिळवायची. पुष्पाबाई कमरेवर हात ठेवून हे पाहत होत्या.

"मेथी तुडवू नको, बाई," एवढंच त्या म्हणाल्या.

तार जमिनीपासून अकरा मीटरवर भरली. म्हणजे छातीपासून दहा धरायला हरकत नव्हती.

राहिलं ते, किती चालतं हे. तिनं अकोल्याच्या डॉक्टरांना फोन केला. "सर, या पेसमेकरला पन्नास हर्ट्झचं किती मायक्रोटेस्ला क्षेत्र चालतं?"

डॉक्टर हसले. "मला हे असं अजून कोणी विचारलं नव्हतं. थांबा, कंपनीच्या माणसाला विचारून सांगतो." संध्याकाळी त्यांचाच फोन आला. या मॉडेलला शंभरपर्यंत चिंता नाही, म्हणाले.

त्या संध्याकाळी संजीवनी ओसरीवर सासऱ्यांशेजारी बसली. सूत्र लिहून दाखवण्यात अर्थ नव्हता. ती म्हणाली, "मामाजी, विहिरीत खडा टाकला की गोल गोल लाटा उठतात ना, तसे तारेभोवती चुंबकाचे गोल असतात. तारेजवळ जोर, लांब जाल तसा कमी. अंतर दुप्पट झालं की जोर निम्मा. हिशोब सोपा आहे. तारेतल्या प्रवाहाला पाचानं भागायचं, मग जितके मीटर लांब असू तितक्यानं भागायचं."

"मंग भाग."

"जास्तीत जास्त सहाशे धरू. पाचानं भागलं, एकशे वीस. आपण दहा मीटर लांब. बारा."

"बारा काय?"

"मायक्रोटेस्ला. तुमच्या मशीनला शंभर चालतात. आणि खरं तर बाराही नसणार. तिन्ही तारांमधली वीज एका वेळी एकीकडे ओढत नाही, त्या एकमेकींचा जोर बराचसा खोडतात. आपल्या जमिनीचंच चुंबक चाळीसच्या आसपास असतं. ते जन्मापासून आपल्या अंगावर आहे."

भगवंतरावांनी ऐकून घेतलं. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. मग हळूच म्हणाले, "तुह्यं गणित चुकत नसंन, पोरी. पण हे तू इथं बसून काढलं. तार तं तिथी हाये."

संजीवनीला राग आला नाही. उलट तिला ते पटलं. बारावीच्या वर्गात इतक्या वर्षांत एकाही पोरानं हा प्रश्न विचारला नव्हता.

"मग मोजूच," ती म्हणाली.

मोजायला कॉलेजच्या प्रयोगशाळेत तयार उपकरण नव्हतं, पण मल्टिमीटर होता. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून तिनं पातळ तांब्याच्या तारेचं बंडल आणलं. तारेचं मोठं कडं करायचं. बदलतं चुंबकीय क्षेत्र त्या कड्यातून गेलं की कड्यात थोडीशी वीज तयार होते, ती मीटरवर वाचायची. कड्यासाठी तिनं प्लॅस्टिकच्या टबाचा जुना काठ कापून घेतला. दोनशे वेढे घालायचे होते. वीसेक वेढे झाल्यावर तिचे हात आखडले आणि तार सैल पडायला लागली.

"आण इकडं," भगवंतराव म्हणाले. "मोटारीचा दोर गुंडाळतं का असं? ताण ठेव, ताण."

पुढचे वेढे त्यांनी घातले. डावा खांदा न हलवता, मांडीवर काठ फिरवत, एकेक वेढा दुसऱ्याला चिकटून. त्यांचे ओठ मोजत होते. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या हातात काम होतं. स्वयंपाकघराच्या दारातून पुष्पाबाईंनी ते पाहिलं आणि पुन्हा चुलीकडे वळल्या.

रविवारी सकाळी तिघं वावरात गेले. धुऱ्यापर्यंत, म्हणजे वावराच्या कडेच्या बांधापर्यंत, भगवंतराव आले आणि तिथं बोरीजवळ थांबले.

"म्या इथूनच पाह्यतो."

संजीवनीनं आग्रह केला नाही. कडं घेऊन ती विहिरीपाशी गेली, छातीच्या उंचीवर धरलं, आडवं केलं, उभं केलं, सगळीकडे वळवून पाहिलं. जिथं आकडा सगळ्यात जास्त येत होता तिथं थांबली.

"तेरा मिलिव्होल्ट!" ती ओरडली. "म्हणजे तीन मायक्रोटेस्ला. बाराच्या पावपट!"

भगवंतराव धुऱ्यावरूनच म्हणाले, "तेरा म्हंजे थोडं का लय? मले कसं समजंन? दुसरं काई मोजून दाखव, मंग समजंन."

हे बोलणंही बरोबर होतं. एकटा आकडा काही सांगत नाही. "कुठं मोजू?" तिनं विचारलं.

"पंजाबच्या दुकानात चाल. तिथी मी रोज बसतो, तिथी मले काईच भेव नाई. तिथी किती भरते ते पाहू."

पुष्पाबाई वावरातच थांबल्या. रविवार असूनही पंजाबरावांचं दुकान उघडं होतं. कुणाच्या तरी गोठ्याचं गेट द्यायचं होतं. सुनेला हातात तारांचं कडं घेऊन आलेलं पाहून ते हसले. "काय बे भगवंता, सुनबाईले गारुडी केलं का?"

भगवंतराव सवयीनं खुर्चीकडे वळले. तेवढ्यात संजीवनीचं लक्ष खुर्चीच्या मागे गेलं. जुनं वेल्डिंग मशीन कोपऱ्यात होतं, आणि त्याची बोटाएवढी जाड काळी केबल खुर्चीच्या पाठीवरून पुढे पंजाबरावांच्या हातापर्यंत आली होती. जमिनीवर पडली तर पायात येते, ठिणग्यांनी जळते, म्हणून ती तशी अडकवलेली असायची. दीडशे अँपियर तरी असतील. पाचानं भागले, तीस. आणि छातीपासून अंतर मीटरमध्ये नव्हतं, वितीत होतं.

आवाज न चढवता ती म्हणाली, "मामाजी, तुम्ही जरा बाहेर रस्त्याच्या पलीकडे थांबा. खुर्चीवर आज हे कडं बसवायचं आहे."

ते पलीकडे जाऊन उभे राहिले. तिनं कडं खुर्चीत, जिथं माणसाची छाती येते तिथं पाठीला टेकवून ठेवलं, मीटर जोडला आणि पंजाबरावांना म्हणाली, "काका, करा सुरू."

वेल्डिंगची कांडी लोखंडाला लागली, निळा उजेड झाला आणि मीटरचा आकडा उसळला. पाचशेच्या वर गेला. पंजाबरावांनी कांडी उचलली की शून्य, टेकवली की पुन्हा पाचशे, साडेपाचशे. संजीवनीनं पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा तेच.

"काय भरलं?" रस्त्यापलीकडून भगवंतरावांनी विचारलं.

तिनं मनातल्या मनात भागाकार केला. एकशे वीसच्या आसपास. शंभरच्या वर. "पाचशे," ती म्हणाली. "तारेखाली तेरा होते."

पंजाबरावांनी चेहऱ्यासमोरची काच खाली घेतली. त्यांना काही कळलं नव्हतं, पण सुनबाईच्या तोंडावरून काहीतरी वाईट आहे हे दिसत होतं. तिनं त्यांना सगळं सांगितलं. वायरमध्ये वीज किती आहे एवढंच बघून चालत नाही, ती किती जवळ आहे हे बघावं लागतं, आणि कदाचित मामाजींना इथं बसल्यावर भोवळ यायची त्याचं कारण हेच असेल.

पंजाबरावांनी हातातली कांडी खाली ठेवली.

"म्हंजे म्याच," ते म्हणाले. "त्याले बरं वाटावं म्हणून माह्याजवळ बसवलं, अन् म्याच त्याले..."

"तुम्हाला काय माहीत, काका? मलाही आत्ता कळलं. मी रोज या रस्त्यानं कॉलेजात जाते, तुम्हा दोघांना इथं बसलेलं पाहते. एकदाही डोक्यात आलं नाही."

भगवंतराव रस्ता ओलांडून उंबऱ्यापर्यंत आले. "मशीन बंद हाये ना बे?"

"हाव, बंद केली," पंजाबराव म्हणाले. त्यांनी उठून भिंतीवरचा खटकाच पाडला. मग केबल खुर्चीवरून काढून गुंडाळायला लागले. भगवंतरावांनी पुढे होऊन केबलचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ती गुंडाळली.

डॉक्टरांनी दोन दिवसांनी तपासायला बोलावलं. यंत्र ठीक होतं. त्यांनी छातीवर उपकरण ठेवून पेसमेकर तपासला, वेल्डिंगचं ऐकून कपाळाला हात लावला. "भोवळ त्यानंच आली असं शंभर टक्के नाही सांगता येत. अशक्तपणाही असू शकतो. पण यंत्रात मधूनमधून बाहेरचा गोंधळ शिरल्यासारखं दिसतंय. वेल्डिंग चालू असेल तिथं आता अजिबात बसायचं नाही. तारेखालून खुशाल जा. टॉवरवर चढू नका म्हणजे झालं."

"या वयात टावरवर कोण चढते, साहेब?" भगवंतराव म्हणाले. परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. थोड्या वेळानं संजीवनीकडे न पाहता म्हणाले, "ज्याचं भेव वाटलं तिथी काई नोतं. अन् जिथी जीव रमला तिथी..."

वावरात ते लगेच गेले नाहीत. भीती गणितानं येत नाही आणि गणितानं एका दिवसात जातही नाही, हे संजीवनीला आता कळत होतं. पहिल्या दिवशी ते बोरीपर्यंत गेले. नंतर एकदा वांग्याच्या पहिल्या सऱ्यांपर्यंत. मग एक दिवस पुष्पाबाई मोटार चालू करून आल्या तर पाणी दुसरीकडेच फुटलं होतं, सांबाराचा वाफा भरून वाहायला लागला होता. त्यांनी हाक मारली. भगवंतराव धुऱ्यावरून फावडं घेऊन धावतच आले आणि दारं मोडून पाणी वळवलं. वळवून झाल्यावर कमरेवर हात ठेवून ते उभे राहिले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, आपण तारेच्या बरोबर खाली आहोत. त्यांनी वर पाहिलं. छातीवर हात ठेवला. मग हात काढून पुष्पाबाईंना म्हणाले, "काऊन वं, वांग्याले फवारा कधी मारला होता? पानं पाह्य कशी झाली."

ठोक्याचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

पंजाबरावांना मात्र करमेना. दोस्त दुकानात येऊ शकत नव्हता, आणि त्यांना घरी जाऊन बसायची सवय नव्हती. आठ-दहा दिवस त्यांनी काढले. मग एका दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून ते चालत वावरात आले. आयुष्य लोखंडात गेलेला माणूस, वाफ्यातून कसं चालावं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"अबे, अबे, मेथीत पाय देऊन राह्यला तू!" भगवंतराव विहिरीजवळून ओरडले. "सरीतून ये, सरीतून."

"सरी म्हंजे कोणती बे?" पंजाबराव एका पायावर उभे राहून म्हणाले.

कॉलेजातून येताना संजीवनीनं रस्त्यावरून ते पाहिलं. तिनं गाडी थांबवली नाही, नुसती हळू केली. दोघं म्हातारे वाफ्यात उभे राहून भांडत होते, आणि पुष्पाबाई दोघांसाठी बांधावर भाकरीचं फडकं सोडत होत्या.